पुण्यातलाच पत्ता

"पत्ता विश्रांतवाडीचा आहे," काउंटरवरच्या मुलीने दोन्ही आधार कार्डं परत सरकवली. "लोकल आयडीवर आम्ही कपल्सना रूम देत नाही."

पोपटरावांनी मागे वळून पाहिलं. कांताबाई दाराजवळच्या सोफ्यावर, अगदी कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अहो, ती बायको आहे माझी. अडतीस वर्षं झाली लग्नाला."

"अभिनंदन. पण नियम वय बघून लावत नाही आम्ही."

 आयुष्यात कधी पोपटरावांनी हॉटेलात खोली घेतली नव्हती. कंपनीच्या कामाने सतत बाहेरगावी जाणाऱ्या शेजारच्या योगेशला त्यांनी, एक मित्र यायचाय अशी थाप मारून, सगळं नीट विचारून घेतलं होतं. आधी फोन करून खोली कितीला मिळेल ते विचारा, काका. रस्त्याकडची घेऊ नका. ओळखपत्रं ओरिजिनल ठेवा, झेरॉक्स चालत नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा गरम पाणी बघा, मग दाराची कडी. एवढं सगळं सांगणाऱ्या योगेशने पत्त्याचं मात्र काही सांगितलं नव्हतं. पुण्यात राहणारा माणूस पुण्यातच खोली कशाला घेईल?

मुलीनेही तेच विचारलं. तिच्या कोटावर 'शर्मिला' अशी पट्टी होती.

"घर इथेच आहे, मग खोली कशाला हवीय?"

"घर दोन खोल्यांचं आहे, बाई. पुढच्या खोलीत मुलगा दिवसभर कंपनीचं काम करतो, कानाला ते लावून. आतल्या खोलीत सून आणि नातवंडं." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला एक गोष्ट सांगायची आहे. घरी सांगता येत नाही."

"मग बागेत बसून सांगा."

"बागेत सांगण्यासारखी नाही."

त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. शर्मिलाने तो उघडला. वरचं नाव वाचून तिने सोफ्याकडे पाहिलं. मग ती खालपर्यंत वाचत गेली. वाचून झाल्यावर तिने कागद पूर्वी होत्या तशाच घड्यांवर मिटला.

"किती वेळ हवाय?"

"दोन तास पुरे."

तिने रजिस्टर ओढलं. नाव, वय, पत्ता. 'येण्याचे कारण' या रकान्याशी तिचं पेन थांबलं. मग तिने तिथे 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि किल्ली पुढे केली.

"मागच्या बाजूची देते. तिकडे कोणाचा त्रास होणार नाही."

खोलीच्या दारात कांताबाईंनी चपला काढल्या आणि त्या अनवाणी आत आल्या. पांढऱ्या चादरीवर बसावं की नाही, अशा विचारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या.

"मित्राची साठी म्हणून सांगितलंत घरी, आणि आणलंत कुठं! कोणी पाहिलं असतं म्हणजे?"

पोपटराव बाथरूममध्ये गेले. त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला आणि पाणी कढत येईपर्यंत बोटं धारेखाली धरली. मग बाहेर येऊन दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. खिडकीचा पडदा सरकवून पाहिला. बाहेर मागच्या इमारतीची भिंत होती, तिच्यावर ऑक्टोबरचं ऊन.

"काय एवढं बघताय?" कांताबाई म्हणाल्या. "आपल्याला काय राहायचंय इथं? बसा."

ते बसले. मग त्यांनी सांगितलं. तिच्या पोटात, घरी सांगितले तसे खडे नाहीत, गाठ आहे. पसरली आहे. ऑपरेशनचा आता उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.

कांताबाईंच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं उरलं होतं. ते कसं पुसावं हे जणू त्यांना कळेना.

"चौदा एप्रिलची जयंती बघेन का मी?"

पोपटरावांनी नुसता त्यांचा हात हातात घेतला. घरात माणसांसमोर त्यांनी तो कधी घेतला नव्हता. कांताबाई रडल्या. आधी घरी रडायच्या तशा, पदर तोंडात कोंबून. मग पदर सुटला आणि त्या मोठ्याने रडल्या. पोपटरावही रडले. बराच वेळ कोणी दार वाजवलं नाही, कोणी हाक मारली नाही.

शेवटी कांताबाईंनी नाक पुसलं. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"प्रज्ञेशने शपथ घातली होती. आईला कळू द्यायचं नाही, म्हणाला."

"आणि सुनेला?"

"पूर्वाला माहीत आहे."

"तरीच! सोमवारपासून मला भांड्यांना हात लावू देत नाही. मला वाटलं, रागावली माझ्यावर. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही हो."

त्या उठल्या. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, केस नीट केले आणि आरशात डोळे निरखून पाहिले. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता.

"प्रज्ञेशला सांगू नका मला कळलंय म्हणून."

"अगं, पण..."

"लपवू दे त्याला. माझ्यासाठी दुसरं काय करणार आहे पोरगं?"

त्यांनी चादरीवरच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि पिशवी उचलली.

"आणि पूर्वाला म्हणावं, भांडी मला घासू दे. नाहीतर मला कळेल."