एक काडी रेंज

“हिरवीच घ्यायची,” गॅरेजवाला काउंटरवर तळहात आपटून म्हणाला. “त्यांचं ऑफिस माझ्या गॅरेजला लागून आहे. काही बिघडलं तर उभ्या उभ्या करून घेईन. नारंगीवाले फोनवर तासभर नुसती गाणी ऐकवतात.”

दुकानदार दोन्ही कंपन्यांची सिमकार्डं हातात धरून थांबला. लोकांच्या घरची भांडणं त्याच्या काउंटरवर रोजच येत. कुठलं पाकीट फाडायचं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

“दादा, हिरवीची घरात जेमतेम एक काडी येते,” मेहुणा हळूच म्हणाला. तो खडीच्या खाणीवर वजनकाट्याला बसायचा. राहायला घर खाणीनेच दिलेलं, डोंगराला चिकटून, आसपास वस्ती नाही. त्याच्याकडचा फोन खाणीचा, तो काट्यावरच ठेवावा लागे. आजचा फोन घरासाठी होता. “मी मित्रांचे फोन नेऊन प्रत्येक खोलीत फिरलोय. नारंगीची रेंज स्वयंपाकघरातसुद्धा भरपूर आहे. घरातून फोन पहिल्या झटक्यात लागला पाहिजे.”

“कुणाला लागला पाहिजे?”

मेहुण्याने शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली.

गॅरेजवाल्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. बहिणीची डावी भुवई फुटून सुजली होती. मागच्या खेपेला ओठ फाटला होता, त्याआधी मनगट प्लास्टरमध्ये होतं. दर वेळी उत्तर एकच, पडले. आईवडील गेल्यावर त्याने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. माहेरी असताना ती भिंतीवरून उड्या मारायची तेव्हा कधी पडली नाही.

“चिमणे, तुला कुठली हवी?”

“दादा म्हणतो तीच घेऊ,” ती नवऱ्याला म्हणाली.

दुकानदार तिचा फोटो काढायला लागला, तसं गॅरेजवाल्याने मेहुण्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि शेजारच्या बंद दुकानाच्या शटरवर आदळलं. पत्रा खणाणला.

“एवढी रेंज कशाला हवी तुम्हाला? काट्यावर बसून तिच्यावर पाळत ठेवायला?”

“तसं नाही, दादा.”

“मग कसं?”

मेहुण्याने दुकानाच्या दाराकडे पाहिलं. “तिलाच विचारा.”

“विचारलं. पडले म्हणते.”

गॅरेजवाल्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. मेहुणा कळवळून दुमडला, पण त्याने ना हात उचलला, ना कुणाला हाक मारली. त्या गरीबपणाचाच गॅरेजवाल्याला जास्त संताप आला. बायकोवर वाघ आणि बाहेर शेळी.

“पुन्हा तिच्या अंगावर खूण दिसली, तर तुझे हात जॅकखाली घालीन,” तो म्हणाला.

त्यानंतर हिरव्या सिमवरून बहिणीचे फोन येत राहिले, पण धड बोलणं कधी झालंच नाही. दोन शब्द यायचे, मग खरखर, मग शांतता. त्याने ऑफिसात जाऊन तक्रार केली. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं, की त्या भागात टॉवर येतोय. त्याचा विश्वास बसला नाही. कुणीतरी तिच्या हातातून फोन हिसकावतंय, असंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

एका दुपारी तो ट्रकखाली आडवा असताना खिशातला फोन वाजला. बहिणीचा नंबर. आवाज मात्र मेहुण्याचा, धापा टाकणारा.

“दादा... तिला... मार... डोक्याला... उठत नाही... लवकर...”

खरखर. मग काहीच नाही. त्याने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर होती.

मारून वर फोन करतोय. प्रेत उचलायला बोलावतोय. गॅरेजवाल्याने जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि मोटरसायकलला किक मारली. खाणीच्या रस्त्यावरची खडी दोन्ही बाजूंना उडत होती. तोंडाने तो एकच वाक्य पुटपुटत होता, पण काय, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

दार सताड उघडं होतं. बहीण स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती. हनुवटी रक्ताने भरलेली, टाच फरशीवर आपटत होती. मेहुणा तिच्या पाठीला गुडघा टेकून बसला होता. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर होता, दुसरा जबड्याखाली, गळ्याजवळ.

त्याने मान वर केली. “आलात? गाडी कुठे...”

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. मेहुणा किंचाळला, पण पळाला नाही. तो बायकोच्या अंगावर ओणवा झाला, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. गॅरेजवाल्याने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं आणि दुसरा घाव डोक्यात घातला. मग तिसरा. मग त्याने मोजणं सोडलं. भिंतीवर, शेगडीवर, त्याच्या स्वतःच्या पापण्यांवर रक्त उडालं. मेहुण्याचे हात थोडा वेळ फरशी चाचपत राहिले आणि थांबले.

दांडा टाकून तो बहिणीजवळ बसला. तिची टाच आता शांत झाली होती. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. श्वास चालू होता.

“चिमणे, मी आलोय. आता तुला कुणी हात लावणार नाही.”

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. नजर छतावर भिरभिरली आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ठरली. चावलेल्या जिभेने तिचे शब्द जड झाले होते.

“दादा? तू कसा इथे?” तिने डोळे पुन्हा मिटले. “या वेळी फीट जास्तच लांबली वाटतं. तुला कळू देणार नाही म्हणून शपथ घातली होती मी ह्यांना.”

तिचा हात फरशीवरून काहीतरी शोधत सरकला.

“हे कुठे गेले? शुद्धीवर येते तेव्हा माझं डोकं ह्यांच्याच मांडीवर असतं.”