तीनशे सह्या

वलवणचे धोंडिबाआबा तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, ट्रम्पेटवर. त्यांची जुनी रेकॉर्ड नव्याने काढणाऱ्या कंपनीतली स्नेहल हल्ली दर सोमवारी फोन करून त्यांच्या तब्येतीची चौकशी करायची.

"पोटची पोरं इचारत न्हाईत, ही परकी पोर इचारती," आबा गावभर सांगत.

काल ती तीनशे कव्हरं घेऊन सह्यांसाठी स्वतः आली. सह्या करता करता आबांनी विचारलं, "पोरी, रेकॉर्ड कदी निगनार?"

"सगळं तयार आहे आबा. फक्त एक तारीख टाकायची राहिलीय."

आबांनी चष्मा पुसला आणि कव्हर डोळ्यांजवळ धरलं.


त्यांच्या फोटोखाली छापलं होतं, 'जन्म: ४ मार्च १९४१. मृत्यू:' आणि पुढची जागा कोरी होती.