सरावाची नाणी

"पत्ता चुकलाय म्हणतंय गं," अब्बा लॅपटॉपसमोरून म्हणाले.

"शेवटचं अक्षर राहिलं असंल," युसरा भिंतीकडं तोंड करूनच बोलली.

अम्मी गेली, तिचं चाळिसावंही होऊन गेलं, तरी युसरा पलंग सोडत नव्हती. लॅपटॉपला तर तिनं हातच लावला नव्हता. कॉलेजचा शेवटचा प्रोजेक्ट त्यात अर्धा पडून होता. बिटकॉइननं झटपट देणंघेणं करणारा नोड, म्हणजे नेटवर्कला जोडलेला एक प्रोग्राम. खऱ्या नाही, सरावाच्या नेटवर्कवर. नोडमध्ये सरावाची नाणी भरायची, मग दुसऱ्या नोडशी चॅनेल, म्हणजे नाणी पाठवायची थेट वाट, उघडायचं. सोमवारी दाखवला नाही तर वर्ष जाणार होतं. "जाऊ द्या," ती म्हणायची.

तिच्या अब्बांनी, करीमभाईंनी, जाऊ दिलं नाही. वाळूजच्या कंपनीत लेथ चालवणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी, पहाटेची फजरची नमाज झाल्यापासून लॅपटॉपसमोर बसून होता. दुपार झाली तसं त्यांचं सारखं काहीतरी अडायला लागलं.

"आता म्हणतंय, नोड बंद हाय."

"चालू करा मग."

"कुठून?"

"अब्बा, लेथवर केसाएवढी चूक चालत नाय तुम्हाला. इथं एक पत्ता चिकटवता येईना?"

"लेथ माझ्या ओळखीचा हाय, बेटा. हे तुझ्या ओळखीचं."

थोड्या वेळानं पुन्हा पत्ता चुकला. आता मात्र ती वैतागून उठली. "सरका तिकडं." खुर्चीत बसून तिनं नोड चालू केला, पत्ता नीट घातला आणि नाणी मागितली. सरावाची नाणी फुकट वाटणारी एक वेबसाइट असते, तिला नळ म्हणतात. नळानं नकार दिला. आजची नाणी तुम्हाला दिली आहेत, उद्या या.

युसरानं नोडमधली शिल्लक बघितली. शून्य.

"अब्बा, सकाळी नाणी मिळाली होती?"

"व्हय."

"मग गेली कुठं?"

"चॅनेल उघडलं. इकडून पाठवली, तिकडं पोचली. मग चॅनेल बंद करून उरलेली नळाला परत केली. काम झालं की परत करा, असं लिवलंय तिथं. दिवसातून एकदाच देतो, ते नाय वाचलं."

"म्हणजे सगळं जमलं होतं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "मग दुपारपासून मला कशाला पिडताय?"

"उठलीस ना," अब्बा म्हणाले.