बाहियाचा जावई

“बाहियाचा जावई माझ्या घरात? जीव गेला तरी नाही!” आदेमारकाका वस्तीच्या भर हॉलमध्ये ओरडले.

“काका, मी सेआराचा आहे,” जोझेनिल्दो म्हणाला. “बाहिया फक्त वाटेत लागतं.”

“साओ पाउलोत सगळे सारखेच! उत्तरेकडून आला तो बाहियावाला.”

काकांची मुलगी जासिरा तिथंच कामात होती. लग्न करीन तर जोझेनिल्दोशीच, पण बाबा हो म्हणाले तरच, असं सांगून बसलेली बिचारी. ती भिंतीवरच्या ब्राझीलच्या नकाशावर लोकरीचे धागे ताणत होती. जूनची जत्रा, अख्खी वस्ती रांगेत. ज्यानं त्यानं आपल्या जन्मगावी टाचणी टोचायची आणि तिथून साओ पाउलोपर्यंत धागा ओढायचा. वरून इतके धागे खाली आले की साओ पाउलो दिसेचना, नुसता लोकरीचा गुंडा झाला.

आदेमारकाकांनी टाचणी थेट त्या गुंड्यात खुपसली. “आम्ही इथलेच. आम्हाला धागाबिगा लागत नाही.” आणि काय तो रुबाब!

त्यांची बायको झुल्मिराकाकू गालातल्या गालात हसल्या. नवरा झोपेत काय बरळतो ते त्यांनाच ठाऊक. त्या आत गेल्या आणि वाफाळता कंद घेऊन आल्या, ज्याचा साबुदाणा करतात तोच. वर लोणी वितळत होतं, बाजूला उन्हात वाळवलेलं मांस. काकांनी डोळे मिटून बशी साफ केली.

“अगं, वाढ की अजून थोडी मकाशेइरा!”

सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. साओ पाउलोतलं शेंबडं पोरही त्या कंदाला मांडिओका म्हणतं. मकाशेइरा म्हणणारा उत्तरेकडचाच, दुसरा कोण!

“अगंबाई! म्हणजे तुम्ही बाहियावाले?” काकूंनी साळसूदपणे विचारलं.

काका ताडकन उठले. “बाहियावाला कुणाला म्हणतेस? सेआराचा आहे मी! अस्सल सेआराचा!”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण हॉलभर हशा पिकला होता. जासिरानं तोवर लोकरीचा चांगला लांबलचक धागा तोडलासुद्धा.

काकूंनी नवऱ्याच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला.

“मग अडलंय कुठं? बाहियाचा जावई नको म्हणालात ना? नाहीच आहे तो बाहियाचा!”