गॅरेजमधली खोली

त्या बंगल्याच्या रिकाम्या गॅरेजची आजींसाठी खोली केली, तीही एक वीट वाया न घालवता. खिडकी जुनी, दार जुनं. वायरमनने तर फाटकाची जुनी बेलच कामाला लावली. बटणावर बोट असेपर्यंत ती घर डोक्यावर घ्यायची. बटण आजींच्या उशाशी, घंटा स्वयंपाकघरात. "नुसतं दाबायचं, आजी, की सूनबाई हजर!" तो म्हणाला, तेव्हा आजी केवढ्या हसल्या होत्या.

सहा महिन्यांनी सूनबाईंनी त्याला मिक्सरचा बोर्ड बघायला बोलावलं.

"आजी कशा आहेत, वहिनी?"

"मजेत. इतक्या दिवसांत एकदासुद्धा बेल वाजवली नाही बघा. आत्ताही गाढ झोपल्यात."

बोर्ड बसवताना त्याची नजर वर गेली. घंटेची तार कापलेली होती आणि दोन्ही टोकांना व्यवस्थित चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ही पट्टी आपण लावलेली नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. सूनबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, तशी त्याने पट्टी सोलली आणि टोकाला टोक जोडलं.



घंटा त्याच क्षणी वाजू लागली, आणि थांबायचं नाव घेईना.