पाच पत्त्यांचा की सात

सात पत्ते. तीन झाकलेले, चार उघडे.

कासू स्टेशन गेलं की नागोठणं.

गणपतीचा उजवा डोळा आखून झाला की डाव्याला हात घालायचा. ओला असताना बोट लावायचं नाही.

केरूने स्वतःच्या बायकोला विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?”

कलर मोठा की सिक्वेन्स?

रोह्याच्या गाडीत खिडकीशी बसून दत्तात्रेय हे पुन्हा पुन्हा मनात म्हणत होता. एखादं निसटतंय का ते बघत होता. निसटत नव्हतं. तरी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.

पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे तोच आखायचा. या आषाढात आखून झालेल्या मूर्तीपुढे तो कुंचला घेऊन पुन्हा बसला, आणि मालक दाजींनी मनगट धरलं. “दत्ता, ही झाली की रे सकाळीच!” सगळे हसले. दत्तात्रेयही हसला. केरूचं, त्याच्या थोरल्या भावाचं, असंच सुरू झालं होतं. आधी लोक हसले होते.

त्याच सुमारास अमेरिकेतून मुलाचा, अमोलचा, फोन आला. तिथे कंप्यूटरवर पत्ते खेळतात, खोट्या चिप्स लावून. बाबा, तुम्ही पेणहून बसा, मी इथून बसतो, शनिवारचे भेटू. स्टड पोकर म्हणतात. त्यात प्रकार आहेत, एक निवडा आणि शिका.

एसटी स्टँडमागे भूमिकाचं सायबर कॅफे होतं. तिने पडद्यावर वाचून समजावलं.

“काका, पाच पत्त्यांचा घ्या. एक झाकलेला, बाकी उघडे. डोक्याला ताप नाय.”

“आणि दुसरा?”

“सातचा. त्यात कुणी डाव सोडला की त्याचे उघडे पत्ते उलटे होतात. ते ध्यानात ठेवायचे. मला नाय जमत. अजून एक हाय, त्यात सगळ्यात भिकार हात जिंकतो.”

“तो आमच्यासारख्यांसाठी काढलेला दिसतोय.”

भूमिका हसली. दत्तात्रेयाने तेव्हाच मनाशी ठरवलं. सातचा जमला, तर डोकं शाबूत आहे. नाही जमला, तर मुकाट्याने पाचचा घ्यायचा आणि कुंचलाही दाजींच्या हातात द्यायचा. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, नमितालाही नाही.

सोडलेले पत्ते कधी राहायचे, कधी निसटायचे. त्याचं भय नव्हतं, भूमिकाचेही निसटायचे. भय दुसऱ्याच गोष्टीचं होतं. हातात सिक्वेन्स, म्हणजे ओळीने पाच पत्ते, लागला की तो छाती काढून चिप्स लोटायचा, आणि समोरचा कलर, एकाच रंगाचे पाच, दाखवून सगळं ओढून न्यायचा. दरवेळी.

“काका, इथे कलर मोठा. कितीदा सांगू?”

“सांगितलंस?”

भूमिकाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. शनिवारी पाहिलेली ती नजर त्याला रात्रभर दिसत राहिली. मग पहाटे अंथरुणातच त्याला सुचलं. लहानपणी गौरीच्या जागरणाला दोघे भाऊ चिंचोके लावून तीन पत्ती खेळायचे. त्यात सिक्वेन्सच मोठा असायचा ना? तसं असेल, तर हे विसरणं नव्हे. जुनं पक्कं बसलंय, इतकंच. पण तसं होतं का? सांगणारा एकच उरला होता, रोह्याचा केरू. त्याला स्वतःची बायको ओळखू येत नव्हती, पण जुनं काही त्याच्या डोक्यात असलं तर असेल.

केरू ओट्यावर बसला होता. त्याची बायको विमलबाई तांदूळ निवडत होती.

“या, भावोजी,” ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या आणि पत्त्यांचा जोड घेऊन.

दादा अजून खेळतो वाटतं, दत्तात्रेयाला वाटलं.

“कोण?” केरू म्हणाला.

“मी दत्तू, दादा.”

“बरं.”

दत्तात्रेयाने ओट्यावर पत्त्यांचे दोन हात मांडले. एकीकडे सहा, सात, आठ, नऊ, दहा, मिसळ रंगांचे. दुसरीकडे पाच बदाम.

“दादा, मोठं कोण?”

केरू बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

मग केरूचं बोट दहावर येऊन टेकलं.

“हे. कलरला कोण विचारतो?” तो खेकसला. “दरवर्षी हरतोस नि दरवर्षी भांडतोस. जा, चिंचोके आण आईकडून.”

दत्तात्रेयाला हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहू लागले. “ऐकलंत, वहिनी? मी विसरत नाय! लहानपणचं बसलंय डोक्यात. मला काय एक झालेलं नाय!”

विमलबाईने पत्ते गोळा केले. कडा जुळवत बसली.

“सातचाच शिकणार आता,” तो म्हणाला. “अमोलला आजच कळवतो.”

“जेवून जा,” ती म्हणाली. “आणि एकटे नका जाऊ. ठेसनापर्यंत मी येते.”

“मी काय लहान हाय, वहिनी?”

जेवणं झाल्यावर तिने पायात चपला घातल्या.

मागच्या रविवारीही दत्तात्रेय रोह्याला आला होता आणि केरूपुढे हेच दोन हात मांडून हाच प्रश्न विचारून गेला होता.