मधला तुकडा

चपला काढायला वाकावं, एवढंही त्राण सुनेत उरलं नव्हतं. सातव्या महिन्याचं पोट, दवाखान्यातली रांग आणि वर जिने. तिने टाचेने टाच दाबून चपला उडवल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसकण मारली.

सासूबाई तव्यापाशी उभ्या होत्या. सुनेला दिवस गेल्यापासून घरचा नियम ठरलेला: मोठ्या माशाचा मधला जाड तुकडा तिला, शेपटी नवऱ्याला आणि सासूबाईंना स्वतःला स्वस्तातली बारीक मासळी. "मी काय सावत्र आहे का?" असं नवरा रोज विचारायचा आणि रोज शेपटीच चघळत बसायचा.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"रक्तात पारा जास्त निघालाय. खाण्यातून जातोय. आता तरी थांबवा म्हणाल्या, बाळाच्या मेंदूला बाधतो."

सासूबाईंच्या हातातलं उलथनं थबकलं. "कसल्या खाण्यातून?"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. मोठा मासा आयुष्यभर लहानांना गिळतो, त्या सगळ्यांचा पारा त्याच्या अंगात साठत जातो. शहरात अशा कितीतरी जणी येतात म्हणे. सुनेने सासूबाईंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. याच गुडघ्यांवर त्या रोज भल्या सकाळी बाजार गाठायच्या, मोठा मासा संपायच्या आत. खरं सांगायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"बाहेरच्या," ती म्हणाली. "ऑफिसच्या कँटीनच्या."

"तरी मी कधीची कानीकपाळी ओरडतेय." सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "उद्यापासून डबा न्यायचा. आणि आज दोन खा. झीज भरून निघेल."

ताटात दोन जाड तुकडे येऊन पडले.

सुनेने ताट बाजूला सरकवलं. "आई, कँटीन नाही. याच्यातूनच जातोय. मोठ्या माशातून."

तव्यावरचं तेल चुरचुरत राहिलं. सासूबाईंनी गॅस बंद केला. फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले.

"म्हणजे मीच की गं," त्या म्हणाल्या. मग तिच्या पोटाकडे बघत, "हलतंय ना पण?"

सुनेने त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. दोघी वाट बघत राहिल्या.

"झोपलं असेल," सून म्हणाली.

दारात नवऱ्याची किल्ली फिरली. सासूबाईंनी हात काढला नाही.